गोठ्यात घुसलेला एकशेवीसचा गोळा

फायरिंग थांबलं की सगळं संपलं असं लोकांना वाटतं, टीव्हीवर पण तेवढंच दाखवतात, पण आमचं काम तिथून पुढे सुरू व्हायचं. मी बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअर्सचा, खडकीला ट्रेनिंग, नंतर दापोडीला सीएमईत, म्हणजे मिलिटरी इंजिनिअरिंग कॉलेजात, बॉम्ब डिस्पोजलचा कोर्स, हवालदार म्हणून रिटायर झालो. एलओसीवरून, म्हणजे ताबारेषेवरून, फुटायला म्हणून जेवढे गोळे येतात तेवढे सगळे फुटत नाहीत. मऊ मातीत, शेणात, चाऱ्यात पडला, तिरका लागला, फ्यूज म्हणजे गोळा फोडणारी कळ जुनी असली की गोळा नुसताच घुसून बसतो, त्याला आम्ही ब्लाइंड म्हणायचो. आणि न फुटलेला म्हणजे निकामी झालेला असं अजिबात नाही. उलट तोफेतून किंवा मोर्टारमधून, म्हणजे उखळी तोफेतून, सुटताना जो झटका बसतो त्यानेच फ्यूजची सेफ्टी निघते, म्हणजे पेटीतला नवा गोळा परवडला पण जमिनीत अर्धवट रुतलेला नको, तो कशासाठी थांबलाय हे कुणालाच माहीत नसतं.

ही गोष्ट 2020 च्या ऑक्टोबरमधली, पूंछ जिल्ह्यातल्या मेंढर तालुक्यातली. त्या भागात बालाकोट नावाचा एक सेक्टर आहे, हे आपल्याकडचं बालाकोट, 2019 ला आपल्या विमानांनी बॉम्ब टाकले ते खैबर पख्तुनख्वामधलं वेगळं, पण घरी कधी बोलण्यात हे नाव निघालं की आई अर्धा तास रडायची. असो. 2003 ला सीझफायर झालं होतं ते कागदावर होतं. सरकारने संसदेत दिलेले आकडे बघा, 2018 मध्ये 2140 वेळा उल्लंघन, 2019 मध्ये 3479 आणि त्या 2020 मध्ये 5133. पाकिस्तान असेच आकडे आपल्या नावावर सांगतो, आणि पलीकडे नकयाल, कोटली भागातली गावं पण आपल्या गावांसारखीच उतारावर, तशीच मक्याची शेती, तिकडेही गोळे पडतात आणि तिकडेही न फुटलेले राहत असणार, ते उचलायला पण माझ्यासारखा कुणीतरी जात असेल. हे मी तेव्हाही म्हणायचो तर काही जणांना आवडायचं नाही.

आदल्या संध्याकाळी सुरू झालेलं फायरिंग मध्यरात्रीपर्यंत चाललं होतं. सकाळी कॉल आला की तारबंदीच्या पुढच्या एका गावात ब्लाइंड आहे. तारबंदीच्या पुढे म्हणजे काय ते सांगतो, कारण बऱ्याच लोकांना वाटतं तार म्हणजे बॉर्डर. तसं नाहीये. तार आपण 2003-04 च्या सुमाराला आपल्याच हद्दीत आत घातली, त्यामुळे प्रत्यक्ष लाइन आणि तार यांच्यामध्ये आपलीच गावं, आपलीच शेतं राहिली. त्या लोकांना आपल्याच देशात यायला गेटमधून यावं लागतं, ओळखपत्र दाखवून, ठरलेल्या वेळेत. संध्याकाळी गेट बंद. रात्री कुणाला बाळंतपणाच्या कळा आल्या तर आधी पोस्टला कळवा, मग गेट उघडणार.

आम्ही गेलो ते चार जण, एक कॅप्टन साहेब, नायब सुभेदार साहेब, मी आणि एक सरदार लान्स नायक. पुढे गाडी जात नाही, म्हणून सामान दोन खेचरांवर. कोविड चालू होता त्यामुळे तोंडाला मास्क, चढ चढताना जीव जायचा आणि चष्मेवाल्या साहेबांना तर समोरचं दिसायचंच नाही. वाटेत बंकरसाठी खणलेला एक खड्डा लागला, त्यावर स्लॅबच नव्हता, आत पावसाचं पाणी आणि बेडूक. डिसेंबर 2017 मध्ये जम्मू भागासाठी 14,460 बंकर मंजूर झाले होते, त्यातलाच हा एक असावा, घरगुतीवाला, आठ माणसांचा. गावातली पोरं म्हणाली रात्री आम्ही शाळेच्या भिंतीच्या आडोशाला बसलो होतो. त्यातलं एक जेमतेम दहा वर्षांचं पोरगं मला सांगत होतं की एक्क्याऐंशी एमएमच्या मोर्टारचा आवाज वेगळा आणि एकशेवीसचा वेगळा, आणि आपला जाणारा कुठला आणि त्यांचा येणारा कुठला हे अंथरुणात पडल्या पडल्या कळतं. मी टेस्ट म्हणून दोन-चार प्रश्न विचारले, सगळी उत्तरं बरोबर.

गोळा एका म्हाताऱ्याच्या गोठ्यात होता. तिकडचे गोठे म्हणजे दगडाच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचं सपाट छप्पर. छप्पर फोडून आत आलेला, कडब्याच्या ढिगातून घसरत दाराच्या बरोबर आतल्या बाजूला शेणमातीत नाक खुपसून बसलेला. मागचे पंख वर, थोडे वाकडे. 120 एमएमचा मोर्टार. राहतं घर तिथून दहा पावलांवर, वरच्या पायरीच्या शेतात. आणि गोठ्यात आतल्या कोपऱ्यात एक म्हैस बांधलेली, गाभण, दिवस भरत आलेले, आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही. दार एकच. म्हणजे तिला बाहेर काढायचं तर गोळ्याला जवळजवळ घासून न्यायला लागणार.

नियम सरळ आहे, डागलेला गोळा हलवायचा नाही, जागेवरच उडवायचा, आणि जनावर हा आमचा विषय नाही. नायब सुभेदार साहेब तेच म्हणाले, आणि ते चुकीचं बोलत नव्हते, त्यांनी आपल्या हाताने दोन पोरांचे तुकडे गोळा केलेले होते. म्हातारी मात्र सरळ दाराकडे निघाली. लान्स नायकाने अडवली तर त्याच्यावर ओरडली, "मेरे हाथ की पली है, मेरे सिवा किसी के पीछे नहीं आएगी." चाचा, म्हणजे तो म्हातारा, काही बोलत नव्हता, एका दगडावर बसून नुसता गोठ्याकडे बघत होता. कॅप्टन साहेब वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, उस्ताद, जमेल का? मी म्हटलं साहेब, म्हशीचं जमेल, गोळ्याचं सांगता येत नाही.

आधी गाव रिकामं केलं. पाचशे मीटरपर्यंत कुणी नको, सगळे टेकडीच्या मागच्या अंगाला. त्याआधी मात्र गावातल्या बायकांनी आम्हाला वाळूची पोती भरून दिली, वाळू कसली, शेतातली मातीच, आणि त्यांचा हात असा बसलेला होता की आमच्या रिक्रूटांना दाखवावं. आम्ही स्फोट करणार हे आसपासच्या आपल्या सगळ्या पोस्टना वायरलेसवर कळवलं, कारण एक धडाका झाला आणि कुणीतरी समजलं वरून आला, तर तिकडे उत्तर जाणार, मग त्यांचं उत्तर येणार आणि रात्रीचा कार्यक्रम दुपारीच सुरू होणार. तो गोठा नशिबाने टेकडीच्या कुशीत होता, समोरच्या पोस्टवरून थेट दिसत नव्हता, पण शेताच्या खालच्या टोकाला गेलं की दिसायचो.

गोळ्याजवळ एका वेळी एकच माणूस, हा पण नियम आहे आणि तो मोडत नाहीत. मी एकेक पोतं पोटाशी धरून आत न्यायचो, टाकायचं नाही, ठेवायचं. गोळ्याच्या आणि वाटेच्या मध्ये कमरेएवढी आडवी भिंत उभी केली. ती भिंत म्हणजे काही कवच नव्हतं, एवढ्या जवळून एकशेवीस फुटला तर पोत्यांसकट मी गेलोच असतो, पण म्हशीची शेपटी किंवा शिंग पंखाला लागू नये एवढ्यासाठी. बॉम्ब सूट खालीच ठेवला होता, त्यात वाकता येत नाही आणि म्हैस बघून बुजली असती ते वेगळंच.

म्हातारीने जाताना आपली ओढणी माझ्या अंगावर टाकली होती. म्हणाली हिचा वास तिला माहीत आहे. आणि टाळूला जीभ लावून काढायचा एक आवाज शिकवला, तीन वेळा काढून घेतला माझ्याकडून, चुकला की मान हलवायची. आता डोक्यावर हेल्मेट, त्यावर बाईमाणसाची फुलाफुलांची ओढणी, तोंडावरचा मास्क गळ्यात आणि तोंडाने टक टक आवाज, या अवतारात मी आत गेलो. लान्स नायक नंतर म्हणाला, उस्ताद, फोटो काढायला पाहिजे होता.

आमच्या घरी लहानपणी म्हशी होत्या त्यामुळे एवढं माहीत होतं की म्हशीला ओढायचं नाही, ओढली की ती पाय रोवते. दावं सोडलं, ओढणी तिच्या नाकापुढे धरली आणि उलटा चालत निघालो, म्हणजे माझी पाठ दाराकडे आणि गोळा उजव्या हाताला, हातभर. ती आली. भिंतीपाशी येऊन थांबली आणि तिने पोतं चाटायला सुरुवात केली, मातीतल्या ओलीसाठी असेल. किती वेळ चाटलं माहीत नाही, मला पंखच दिसत होते. मी तो आवाज काढत राहिलो, तोंडाला कोरड पडलेली त्यामुळे आवाज पण नीट निघेना. मग तिने एक मोठा उसासा टाकला आणि आली चालत, उंबरठा ओलांडला, आणि बाहेर पडल्यावर मला ढकलून सरळ पाण्याच्या डोणीकडे. पोट एवढं मोठं की दारात दोन्ही बाजूला घासलं.

मग गोठ्याचा प्रश्न. साहेबांनी हिशोब केला तो मला पटला. लांबून दोरीने ओढून गोळा बाहेर खालच्या शेतात खड्ड्यात आणायचा. ओढताना उडाला तर गोठा जातोच, जागेवर उडवला तरी जाणारच होता, पण नाही उडाला तर वाचतो. पुन्हा मी आत, शेपटाला दोरी बांधली, घराच्या बाजूने पोत्यांची दुसरी थप्पी लावली, आणि लांब बांधामागे येऊन आम्ही आडवे पडून ओढलं. निघाला. कडब्यातून सरकत दारापर्यंत आला आणि उंबरठ्याच्या दगडाला जाऊन अडकला. थांबलो, नियमाप्रमाणे वेळ जाऊ दिला, पुन्हा ओढलं, दोरीचा कोन बदलून ओढलं, नाही म्हणजे नाही. ऊन उतरायला लागलं होतं, गेटची वेळ जवळ आलेली आणि समोरून अंधार पडल्यावरच सुरू करायची त्यांची सवय. साहेब म्हणाले, बस, इथेच.

चार्ज लावला, लांब आलो, शिट्टी, तीनदा आवाज दिला, एक्सप्लोडरने, म्हणजे लांबून चार्ज उडवायच्या यंत्राने, उडवला. गोठ्याची दर्शनी भिंत आणि छप्पर गेलं, मागची भिंत राहिली. कडबा पेटला, तो विझवायला गाव धावलं पण अर्धा गेला, आणि अर्धा हिवाळा त्या कडब्यावर होता. घराला एक तडा आणि खिडकीच्या काचा.

मला वाटलं होतं चाचा आता काहीतरी बोलेल, शिव्या देईल किंवा हात जोडेल. तो दिवसभरात पहिल्यांदा उठून साहेबांकडे आला आणि म्हणाला, "साब, लिख के दो."

काय लिहून द्यायचं ते आम्हाला आधी कळेना. मग सरपंचाने समजावलं. नुकसानभरपाईसाठी पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, येणार, तो विचारणार गोठा कशाने पडला. गोळ्याने छपराला फक्त भोक पडलं होतं. गोठा पाडला तो आमच्या स्फोटाने. म्हणजे पाकिस्तानच्या शेलिंगमध्ये पडला असं धरायचं का नाही? मागच्या वर्षी शेजारच्या वाडीत एकाचं असंच झालं होतं, त्याची फाइल कुठल्या रकान्यात घालायची यावर अडकून बसली होती. चाचाने सकाळपासून दगडावर बसून हाच विचार केला होता असं मला तेव्हा लक्षात आलं, आम्ही म्हैस म्हैस करत होतो आणि हा माणूस कागदापर्यंत पोचलेला होता.

नायब सुभेदार साहेब म्हणाले असा कागद द्यायचा आपल्याला अधिकार नाही, वरून परवानगी पाहिजे. कॅप्टन साहेबांनी दोन मिनिटं विचार केला, माझ्या पाठीचा टेबल केला आणि साध्या वहीच्या कागदावर लिहिलं की शत्रूने डागलेला 120 एमएमचा न फुटलेला गोळा गोठ्यात होता आणि तो नष्ट करणं भाग असल्यामुळे गोठा पडला. सही, रँक, तारीख. शिक्का नव्हता. चाचाने विचारलं मुहर नहीं है? साहेब म्हणाले मुहर यूनिटमें है. चाचाने कागद घडी करून टोपीत ठेवला, पण त्याचं समाधान झालेलं नव्हतं हे दिसत होतं. म्हातारी ओढणी मागायला आली, बघितलं तर तिला दोन जागी भोकं पडलेली, भिंतीच्या दगडात अडकून. ती पण लिहून द्या म्हणाली असती तरी मी दिलं असतं.

म्हैस पाचव्या-सहाव्या दिवशी व्यायली, रेडी झाली, पोस्टवरच्या पोरांनी वायरलेसवर मला कळवलं, हे खरं तर नियमात बसत नाही.

2021 च्या 25 फेब्रुवारीला दोन्हीकडच्या डीजीएमओंचं, म्हणजे लष्करी कारवायांच्या महासंचालकांचं, जॉइंट स्टेटमेंट आलं आणि खरंच फायरिंग थांबलं, इतकं थांबलं की आमच्यातल्या जुन्या लोकांना रात्री झोप येईना. मी पोस्टिंग बदलायच्या आधी एकदा त्या गावात गेलो, गोठ्यावर पत्रे आले होते. पैसे मिळाले का विचारलं तर चाचा म्हणाला आधे, आणि अर्धे कशाचे ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या पोराने, आवाज ओळखणाऱ्या, माझा नंबर घेतला.

मग 2025 चा मे महिना. 7 तारखेला पहाटेपासून पूंछ शहरावर गोळे पडले, एलओसीपासून आत, जिथे बंकर बांधायची कुणाला गरज वाटली नव्हती तिथे, बायकापोरं मेली, गुरुद्वाऱ्यालाही गोळा लागला. मी इथे घरी टीव्हीसमोर, अँकर ओरडतोय आणि मी त्या गावाचं नाव खालच्या पट्टीत शोधतोय. अशा गावांची नावं पट्टीत येत नाहीत. 10 तारखेला संध्याकाळी थांबलं आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्या पोराचा मेसेज आला, आता चांगला मिसरूड फुटलेला असणार. खाली फोटो, मक्यासाठी नांगरलेल्या शेतात वर आलेले पंख. उस्ताद, ये कौन सा है, कितना दूर रहना है?

2020 मध्ये तिकडे टू-जीच चालायचं, एक फोटो यायला चहा पिऊन व्हायचा, हा लगेच आला आणि एकदम क्लिअर. मी फोन लावला. म्हटलं आधी लांब हो, दुरूनच फांद्या लावून खूण कर, गुरं सोडू नका, पोस्टला नाहीतर पोलिसांना सांग, आणि पटवाऱ्याला दाखवायला म्हणून कुणी माती उकरायची नाही. आणि आता मला सांग, फोटो काढायला किती जवळ गेला होतास? म्हणाला झूम केलाय उस्ताद. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात त्याच्या चपलेचा अंगठा दिसत होता.