पागडीवरचा ‘यूझिंग’

गणपतीसाठी म्युनिकहून मुलुंडला आलोय. काल रात्री लॅपटॉप उचलून खोलीतून हॉलमध्ये आलो, तर मागून आई: “पंखा कोण बंद करणार? तिकडेही असाच वागतोस का रे?” तिला काय सांगणार, गेले दोन महिने मी फुकटात नेमकं हेच काम करतोय. बाहेर पडताना पंखा आपोआप बंद व्हावा, याची सोय.

वेबपानं ज्या प्रोग्रामिंग भाषेवर चालतात त्या जावास्क्रिप्टमधली ‘यूझिंग’ ही नवी घोषणा (डिक्लरेशन). फाइल किंवा डेटाबेसचं कनेक्शन ‘यूझिंग’ लावून धरलं, की कोडच्या त्या तुकड्याच्या महिरपी कंसातून बाहेर पडताना ते आपोआप मिटतं, मध्येच एरर फुटला तरी. तीन गोष्टी उघडल्या असतील तर शेवटची आधी मिटते. गावाला निघताना मेन स्विच सगळ्यात शेवटी पाडतो, तसं.

टाइपस्क्रिप्टनं, म्हणजे जावास्क्रिप्टच्याच विस्तारित भाषेनं, हे ऑगस्ट २०२३ मध्ये, ५.२ आवृत्तीतच घेतलं. मी ज्या ओपन सोर्स कंपायलरला हातभार लावतो तो बेबलच्याच जातकुळीतला, पण बारका. नवी जावास्क्रिप्ट घ्यायची आणि जुन्या ब्राउझरला कळेल अशी करून द्यायची. नाव सांगत नाही, पुढे थोडी चिडचिड आहे.

रूपांतर दोन संध्याकाळीत झालं. शेवटी सगळं ट्राय-फायनलीवरच येतं, काहीही झालं तरी शेवटचं काम करणाऱ्या जुन्या रचनेवर. मेलो ते पार्सरमध्ये, म्हणजे कोड वाचून कुठला शब्द काय आहे ते ठरवणाऱ्या भागात. ‘यूझिंग’ हा शब्द कधीच राखीव नव्हता, त्यामुळे कुणीही व्हेरिएबलला ते नाव ठेवलेलं असू शकतं. आणि जुनी वेबपानं मोडायची नाहीत, हा जावास्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या टीसी ३९ समितीचा हट्ट. म्हणजे हा पागडीचा भाडेकरू. इमारत नवी बांधा, लिफ्ट लावा, त्याला काढता येणार नाही. म्हणून ‘यूझिंग’ दिसला की पार्सरनं थांबून पुढे बघायचं. त्याच ओळीत नाव असेल तर नवी घोषणा. चौकोनी कंस असेल, किंवा नाव खालच्या ओळीवर गेलं असेल, तर जुना भाडेकरूच. आपण ‘बस’ ऐकल्यावर हेच करतो. बस आली, बस इथे, बस झालं. कान पुढच्या शब्दासाठी थांबतो.

टेस्ट हिरव्या झाल्या, म्हणजे पास, निघायच्या आदल्या दिवशी पुल रिक्वेस्ट टाकली, माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती. परवा त्यावर रिव्ह्यू आला, एकच ओळ: फॉर (यादीवरून एकेक करत फिरणारा लूप), कंसात ‘यूझिंग ऑफ ऑफ’. चालवून पाहिली. लाल.

माझ्या पार्सरनं पहिलं ‘ऑफ’ नव्या व्हेरिएबलचं नाव धरलं, दुसरं ‘ऑफ’ लूपचा शब्द धरला, आणि फिरायचं कशावरून ते शोधत कंसावर जाऊन आपटला. नियम असा की फॉरच्या तोंडाशी ‘यूझिंग ऑफ’ दिसलं तर यूझिंग हा भाडेकरूच. म्हणजे यूझिंग नावाचं व्हेरिएबल, ऑफ नावाच्या यादीवरून फिरणारं. कोण शहाणा लिहितो असं?

मला थेट म्युनिकची शेजारीण आठवली. रविवारी काचेच्या बाटल्या कंटेनरमध्ये टाकताना तिनं मला पकडलं होतं. सहा नग, त्यातल्या चार लोणच्याच्या बरण्या. तिनं पाटीवर बोट ठेवून मला वेळा मोठ्यानं वाचायला लावल्या, मराठी शाळेत पाढे म्हणायला लावायचे तशा. मी, ढोल-ताशात झोपून मोठा झालेला माणूस, आणि मला हिचा आवाजाचा नियम! पण खरं सांगायचं तर ती रविवारची शांतता आता इतकी अंगवळणी पडलीय की गेल्या रविवारी सोसायटीत ड्रिल सुरू झालं, तर सेक्रेटरींना फोन लावायला मीच उठलो. बाबांनी हात धरून बसवलं.

मुंबईतल्या माझ्या पहिल्या ऑफिसात ‘चालतंय ना? मग हात लावू नकोस’ एवढंच रिव्ह्यूचं शास्त्र होतं. तिकडे जेवणाच्या टेबलावर हा किस्सा सांगितला की सगळे हसतात. त्याच कोडवर दर महिन्याला लोकांचे पगार बिनचूक निघायचे, हे सांगायचं मात्र राहून जातं.

उत्तर लिहिण्याआधी रिव्ह्यूवाल्याचं प्रोफाइल उघडलं. इतकी खुसपटं काढणारा जर्मन नाहीतर स्विस, पैज लावली असती. शहर: मुंबई. कमेंटची वेळ रात्री पावणेदोन. मराठीत विचारलं, कुठला रे?

“कल्याण, दादा. कॉलेजला आहे. ग्रामरमध्ये लुकअहेडची, पुढचा शब्द बघायची, ती अट आहे बघा, लोकलमध्ये वाचताना दिसली.”

कल्याण म्हणजे मुंबईच. बाहेरच्यांना आपण तेच सांगतो.

आता अडचण अशी, की तिकडे गेल्यामुळेच मला ओपन सोर्सला वेळ मिळतो, हे मी चार वर्षं सगळ्यांना ऐकवतोय. ऑफिस सायकलवर बारा मिनिटं, इथे असतो तर दीड तास लोंबकळत, वगैरे. त्या पोराला अजून घरभाडं नाही, बायको-मुलं नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवं. मी तरी घेतलं.

दुरुस्ती चार ओळींची निघाली. टेस्टच्या कमिटवर, म्हणजे बदलाच्या नोंदीवर, त्याचंही नाव घातलं. मर्ज करणारा, म्हणजे बदल आत घेणारा मेन्टेनर मात्र खरोखरच जर्मन आहे. आज शनिवार. त्याचं उत्तर आलंय: सोमवारी बघतो.