ग्रिनेलचा अर्ज: सगळं अडलं ते स्कूल रिपोर्टपाशी

मुलीला अमेरिकेतल्या ग्रिनेल कॉलेजात प्रवेश मिळाला, आर्थिक मदतीसकट. निबंध, इंग्रजीची परीक्षा हे तिनं तिचं तिनं उरकलं. पण स्कूल रिपोर्टनं, म्हणजे शाळेनं कॉलेजला पाठवायच्या अहवालानं, जे दमवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आधी हेच कॉलेज का, ते सांगते. आयोवा राज्यातल्या छोट्या गावातलं हे खासगी कॉलेज १८४६ सालचं. विद्यार्थी साधारण १,७०० आणि ९ विद्यार्थ्यांमागे १ प्राध्यापक. पहिल्या वर्षाचं ट्युटोरियल (छोट्या गटातला लेखन-चर्चेचा वर्ग) सोडलं तर सर्वांना सक्तीचा असा विषय नाही; मार्गदर्शक प्राध्यापकांशी बोलून आपला अभ्यासक्रम आपणच ठरवायचा. जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान दोन्ही हवं असलेल्या माझ्या मुलीला आपल्याकडच्या शाखांमध्ये जागाच नव्हती. नातेवाईक विचारतात, "हे कुठलं कॉलेज? नाव नाही ऐकलं." इंटेलचे सहसंस्थापक रॉबर्ट नॉइस इथलेच, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

जिथे प्राध्यापक प्रत्येक मुलाला नावानं ओळखतात, ते कॉलेज अर्जातही तेच बघतं. कॉमन अ‍ॅपवर (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांचे अर्ज एकाच जागी भरायच्या संकेतस्थळावर) शाळेनं स्वतः खातं उघडून नववीपासूनचे गुण, शाळेची माहिती आणि विद्यार्थ्याबद्दल पत्र चढवायचं असतं. आमच्या ज्युनिअर कॉलेजात एका तुकडीत सव्वाशे मुलं. खिडकीवरच्या क्लार्कनं सांगितलं, "असलं काही आम्ही देत नाही. बोनाफाईड हवं तर अर्ज करा." नववी-दहावीचे गुण जुन्या शाळेकडे, अकरावीचे इथे, आणि दोन्ही एकत्र करून सही कोण करणार? प्राचार्य मीटिंगमध्ये. उपप्राचार्य म्हणाले, ऑफिसला विचारा. ऑफिस म्हणालं, प्राचार्यांना विचारा. शेवटी गुणपत्रक हातात पडलं, तर गोल शिक्का नेमका गणिताच्या गुणांवर बसलेला, आकडा वाचताच येईना. दुसरी प्रत मागितली तर पुन्हा नवा अर्ज! मुदत डोक्यावर आलेली. मी त्या खिडकीपाशी अक्षरशः रडकुंडीला आले होते.

सुटका केली ती रसायनशास्त्राच्या मॅडमनी. हे सगळं पाठवायचं काम तिकडे शाळेचा काउन्सेलर, म्हणजे मार्गदर्शक, करतो; हे पद आपल्याकडे नसलं तरी चालतं. प्राचार्यांच्या संमतीनं शिक्षक ते काम करू शकतात. मॅडमनी खातं उघडलं आणि पत्रात लिहिलं की, टायट्रेशनचं उत्तर बरोबर आलेलं असूनही ही मुलगी प्रयोग पुन्हा करत बसली, कारण रंग कधी बदलला ते तिला नीट दिसलं नव्हतं. गुणपत्रकात हे कुठे येतं?

शाळेच्या माहितीचं पान मीच टाइप करून दिलं: बोर्ड कोणतं, तुकडीत मुलं किती, आपल्याकडे ७५ टक्क्यांना विशेष प्राविण्य म्हणतात. तुम्हीही तयार करूनच न्या, सही लवकर मिळते.

पैशांचं राहिलंच. प्रवेश दिलेल्या परदेशी विद्यार्थ्याचीही सिद्ध झालेली पूर्ण गरज ग्रिनेल भागवतं, पण मदत मागितलीय हे निवडीच्या वेळी बघितलं जातं. तरी मागायची असेल तर अर्जासोबतच मागा; पुष्कळ कॉलेजांत नंतर मागता येत नाही. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे मदतीसाठी घरच्या आर्थिक स्थितीची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज, भरताना आयकर विवरणपत्रं आणि सातबारा जवळ ठेवा, शेतजमीन असेल तर तीही विचारतात.

आणि हो, प्रवेश मिळाला म्हणजे ऑफिस सुटलं नाही. बारावीचा निकाल लागल्यावर अंतिम अहवालही शाळेच्या त्याच खात्यातून जातो. त्या सुट्टीत मॅडम गावी जाणार का, हे आधीच विचारून ठेवा.