जुनी चांदी, पाचवा महिना

पेशंट पाचव्या महिन्यात होती. चार दाढांत जुनी चांदी भरलेली, आणि खुर्चीत बसताच मागणी एकच: "चारही आजच काढा, डॉक्टर. बाळाला पारा नको."

भीती निराधार नव्हती. या 'चांदी'त, म्हणजे अमाल्गम या मिश्रधातूत, वजनाने साधारण निम्मा पारा असतो. बाकी चांदी, कथील, तांबं. चावताना पाऱ्याची किंचित वाफ सुटते आणि ती वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत जाऊ शकते. "काही होत नाही हो" म्हणून अशा बाईला वाटेला लावणाऱ्या सहकाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्यामुळेच पेशंट शरीरातला पारा 'काढून देणाऱ्यां'च्या हाती लागतात.

पण दाढेत गुपचूप बसलेल्या चांदीपेक्षा कितीतरी जास्त वाफ ती एअरोटरने, म्हणजे दात कोरायच्या यंत्राने, काढताना सुटते. हे सांगितल्यावर तिने नेमकं बोट ठेवलं. "मग गर्भवतीला नवी चांदी भरू नका, असा नियम का?"

नियम खरा आहे. युरोपीय संघात जुलै 2018 पासून गर्भवती, स्तनदा आणि 15 वर्षांखालच्या मुलांना अमाल्गम भरण्यावर बंदी आली, अगदीच गरज असेल तर सूट. 2020 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनेही गर्भवतींना ते शक्यतो टाळा म्हटलं. त्याच सल्ल्यात, सुस्थितीतली जुनी फिलिंग उगाच काढू नका, असंही आहे. पेशंट पाहतात त्या व्हिडिओंत पहिला भाग असतो, दुसरा नसतो.

तीन फिलिंगच्या कडांवरून एक्सप्लोरर, दात तपासायची टोकदार सळई, फिरवला. कुठेही अडकला नाही. चौथीचा तुकडा उडालेला, खाली कीड आणि रात्रीचा ठणका. ती ठेवणं म्हणजे जंतुसंसर्गाला वाट देणं.

उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला किंचित डावीकडे कलतं ठेवलं. या दिवसांत सपाट उताणं झोपवलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येऊन चक्कर येते. भूल दिली, दाढ तोंडापासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा, म्हणजे रबर डॅम, लावला, मोठं सक्शन दाढेलगत, खिडक्या सताड उघड्या. अशी चांदी तासून भुगा करायची नसते. नव्या कार्बाइड बरने (कोरायच्या टोकाने), भरपूर पाण्याखाली, तिला चिरा द्यायच्या आणि ढलपे उचलून घ्यायचे. भुगा जितका कमी, तितकी वाफ कमी. रबर डॅमला वेळ लागतो म्हणून तो न लावणारे बरेच आहेत. मला ते अक्षम्य वाटतं. कीड काढून ग्लास आयनोमर हे बिनपाऱ्याचं फिलिंग भरलं. ढलपे बंद बरणीत गेले.

उठताना तिने विचारलं, "बाकीच्या तीन, बाळ अंगावर पितंय तोवर ठेवायच्या?"

हो म्हटलं.

"आणि नंतर?"

नंतरही, शाबूत असतील तोवर. तिला ते पटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. नवा पारा नको आणि जुना हलवू नका, या दोन्हींचं कारण एकच आहे: बाळापर्यंत वाफ कमीत कमी जावी. हे इतक्या सरळ शब्दांत मला तेव्हा सांगायचं होतं, पण खुर्चीशेजारी मी वाफेचे, नियमांचे तपशीलच सांगत बसले. बाळंतपणानंतर पुन्हा विचारायला येईन म्हणाली आहे.