रोम्नी मार्शचा पब आणि दोन किनाऱ्यांचं मटण

इंग्लंडमधल्या अ‍ॅशफर्डहून दक्षिणेला निघालं की टेकड्या संपतात आणि रोम्नी मार्श लागतं. केंट परगण्यातला हा सपाट, पाणथळ पट्टा माणसांनी शतकानुशतकं बांध घालून समुद्राकडून मिळवलेला आहे. जिकडे बघावं तिकडे पाण्याचे चर आणि मेंढ्या. इथलीच रोम्नी जात पुढे न्यूझीलंडला गेली आणि तिथल्या कुरणांवरही पसरली.

"ताई, इंग्रजांचं जेवण फिकं म्हणतेस ना? चल," म्हणत मावसभावाने रविवारी दुपारी एका गावातल्या पबमध्ये नेलं. ठेंगणं छत, काळपट तुळया, शेकोटीपुढे ऐसपैस पसरलेला कुणाचा तरी कुत्रा. इथे ऑर्डर घ्यायला टेबलापाशी कुणी येत नाही; आपणच काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसेही तिथेच द्यायचे. भावाने एल, म्हणजे पारंपरिक इंग्लिश बिअर, मागवली. मालकीणबाईंनी पंपाची लांब मूठ सावकाश ओढली आणि तळघरातल्या पिंपातली बिअर ग्लासात चढत गेली. एक पिंट म्हणजे 568 मिलिलिटर. ही बिअर पिंपातच शेवटची आंबते आणि 11 ते 13 अंशांवर देतात. बर्फगार नसते, म्हणूनच हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा जिभेला नीट कळतो. आणि हॉप्स म्हणजे केंटचं जुनं पीक.

फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं: स्टेक-अँड-एल पाई, खाली व्हाइट वाइनमधले शिंपले, कांद्याचं फ्रेंच सूप. स्वयंपाकी समुद्रापलीकडच्या, उत्तर फ्रान्समधल्या पिकार्डीचा. यात नवल नाही. डोव्हरपाशी इंग्लिश खाडी जेमतेम 33 किलोमीटर रुंद आहे, आणि 18व्या शतकात जबर करांपायी फ्रान्सची ब्रँडी याच किनाऱ्यावर रात्री चोरून उतरायची.

मार्शच्या कोकराचं मटण दोन्ही तऱ्हांचं होतं, ते आम्ही वाटून खाल्लं. फ्रेंच तऱ्हेत लसूण खोचून भाजलेली मांडी आणि खाली तिच्याच रसात शिजलेल्या फिकट हिरव्या फ्लॅजोले शेंगांचे दाणे, लोण्यासारखे मऊ. इंग्लिश रोस्टसोबत भाजलेले बटाटे आणि पुदिन्याचा सॉस. त्यात फक्त बारीक चिरलेला पुदिना, व्हिनेगर, साखर. पण मटणाच्या चरबीवर तो आंबटगोड घास पडला आणि मी फ्रेंच ताटली भावाकडे सरकवली. पिकार्डीत सोम नदीच्या मुखाशी खाऱ्या गवतावर चरलेल्या कोकरांना फ्रान्समध्ये मोठा मान आहे. त्या मुलखातला माणूस इथल्या मटणाला जराही कमी लेखत नाही, उलट तेवढ्याच निगुतीने रांधतो, हे मला फार आवडलं. ब्रिटिश जेवणाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी असं एक रोस्ट खाऊन बघावं.

शेवटी जिप्सी टार्ट घेतला. आटवलेलं दूध आणि काळसर साखर फेटून केलेला, खास केंटचा, भलताच गोड. एक टार्ट दोघांत पुरतो.

रविवारी जाणार असाल तर टेबल आधी सांगून ठेवा आणि एक वाजायच्या आत पोचा. रोस्ट संपलं की संपलं.