मुरैन्याच्या मधाचं मीड

मीड पहिल्यांदा चाखलं ते पुण्यात, आत्याकडे. आतेभावाने बाटली आणली होती, पुण्यातल्याच मूनशाईन मीडरीची. मध आंबवून केलेलं पेय म्हटल्यावर काकवीसारखं दाट, घशाला चिकटणारं काहीतरी असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात गोडवा जवळजवळ नव्हताच. हलकं, किंचित आंबट, बुडबुड्यांचं. आणि घोट गिळल्यावर नाकात मागे रेंगाळला तो मधाचा वास. साखर गेली कुठे आणि वास कसा राहिला, हा प्रश्न घेऊन ग्वाल्हेरला परतले. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरायचा होता. तो तिथेच ठरला.

घरी करून बघण्याचा प्रश्नच नव्हता, मद्य तयार करायला परवाना लागतो. आमच्या मॅडमनी विभागातर्फे रीतसर लेखी परवानगी काढली, मगच बरणी धुतली. मॅडमची अट एकच: प्रयोगशाळेतलं काहीही जिभेवर ठेवायचं नाही. नाक, हायड्रोमीटर आणि पीएच मीटर, एवढ्यावरच काम करायचं.

मध ग्वाल्हेरजवळच्या मुरैन्याचा घेतला. थंडीत चंबळच्या पट्ट्यात सरसों फुलते तेव्हा लांबलांबचे मधपाळ पेट्या घेऊन तिथे उतरतात. या मधाची एक खोड आहे. तो झपाट्याने गोठतो आणि गोठला की साजूक तुपासारखा रवाळ, पांढुरका दिसतो. आजीने बरणीत चमचा खुपसला आणि म्हणाली, "यात साखर मिसळलीय गं. परत देऊन ये." ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या निम्म्या घरांत हेच ऐकायला मिळेल. पण या मधात ग्लुकोज जास्त असतं आणि फ्रुक्टोजच्या मानाने ते पाण्यात कमी विरघळतं, म्हणून त्याचे कण धरतात. भेसळीशी त्याचा काही संबंध नाही. ज्यांच्याकडून मध घेतला त्या भैयांचं हेच दुखणं होतं: चांगला मध गिऱ्हाईक परत आणून देतं, मग तो पडेल त्या भावाने काढावा लागतो. मला तेव्हाच वाटलं, हाच मध वापरायचा.

डिसेंबरच्या शेवटी सुरुवात केली. मध उकळला नाही, उकळला तर ज्यासाठी हा खटाटोप तो वासच उडून जातो. बरणी ४० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवली, मध सैल झाला. १ किलो मधात पाणी घालून एकूण ४ लिटर केलं. हायड्रोमीटर १.०७४ वर तरंगला. नुसत्या पाण्यात तो १.००० दाखवतो; साखर जितकी जास्त तितका आकडा मोठा, आणि आंबवणारं यीस्ट साखरेचं अल्कोहोल करत जातं तसा तो उतरतो. नुसता मध वर्षानुवर्षं आंबत नाही, कारण त्यात पाणी जेमतेम १७-१८ टक्के. एवढ्या साखरेत यीस्टच्या पेशीतलंच पाणी बाहेर ओढलं जातं. पाणी घातलं की वाट मोकळी होते. वाइनसाठी वापरतात ते ७१बी जातीचं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून घातलं, एअरलॉक लावला, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणारी पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप. दुसऱ्या दिवशी सकाळी बुडबुडे सुरू झालेले पाहून मी कितीतरी वेळ बरणीसमोरून हलले नाही.

पुढचं मात्र सोपं नव्हतं. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारा नायट्रोजन बराचसा आयता मिळतो. मधात तो नसल्यासारखाच. यीस्ट साखरेत बुडालेलं आणि तरी उपाशी. म्हणून नायट्रोजन पुरवणारं डायअमोनियम फॉस्फेट, म्हणजे डीएपी, थोडं थोडं करून द्यायचं असतं, पहिल्या काही दिवसांतच. ग्वाल्हेरजवळच्या डबरा गावचे काका हे ऐकून चकित झाले. "डीएपी? गव्हाला टाकतो तेच?" रसायन तेच, पण शुद्धता वेगळी, खताच्या पोत्यातलं चालत नाही.

दुसरा हप्ता देताना चूक झाली. कोरडी पूड थेट बरणीत टाकली. आतलं पाणी कार्बन डायऑक्साइडने भरलेलं, त्यात पुडीचे कण पडले आणि क्षणात पांढरा फेस तोंडातून उसळून टेबलावर, तिथून फरशीवर. पाव लिटर तरी गेलं. त्यानंतर पूड नेहमी आधी थोड्या पाण्यात विरघळवली, आणि त्याआधी बरणी हलक्या हाताने ढवळून वायू काढून टाकला. कुणाला परवानगी काढून हे करायचं असेल तर एवढं एक जरूर लक्षात ठेवा.

मग जानेवारीतली थंडी आली. रात्रीचा पारा ५ अंशांवर आणि आमच्या प्रयोगशाळेच्या एका खिडकीला काचच नाही. आठवडा सरला तरी आकडा १.०४६ वरून हलेना. बुडबुडे थांबले. आणि झाकण उघडलं तर सडक्या अंड्याचा भपकारा. मी त्या दिवशी रडले, खरंच. मॅडमनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या, "उपाशी आहे आणि गारठलंय. मेलेलं नाही."

पीएच बघितला, २.९. हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त. मधाला आम्ल पेलायची ताकद कमी, त्यामुळे आंबताना पीएच सरळ घसरत जातो आणि मग यीस्टलाच तो सोसवत नाही. पोटॅशियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीने घालत तो ३.५ वर आणला. नायट्रोजनचा उरलेला हप्ता दिला. ७१बीला १५ अंशांच्या खाली काम जमत नाही, म्हणून बीओडी इनक्युबेटरमध्ये, म्हणजे ठरावीक तापमान राखणाऱ्या कपाटात, जागा मागितली. तिथे दुसऱ्या एका मुलीच्या पाण्याच्या बाटल्या होत्या. तिने मनापासून खालचा कप्पा रिकामा करून दिला. तापमान २० अंश. तिसऱ्या दिवशी एअरलॉकमधून पहिला बुडबुडा आला. ढवळत गेले तसा तो अंड्याचा वास उडत गेला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा १.००० वर टेकला आणि सलग तीन दिवस तिथेच राहिला. हिशेबाने अल्कोहोल ९.७ टक्के. वरचं पाणी नळीने दुसऱ्या बरणीत काढून घेतलं आणि बरणी मुद्दाम त्याच फुटक्या खिडकीशी ठेवली. ज्या गारठ्याने यीस्ट अडवलं होतं, त्यानेच आता गाळ खाली बसवला. दोन आठवड्यांत आरपार दिसायला लागलं, फिक्या पिवळ्या रंगाचं.

नव्या मोसमातला मध घेऊन मुरैन्याचे भैया शहरात आले तेव्हा मॅडमच्या परवानगीने त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. बीकरमध्ये थोडं ओतून दिलं, प्यायचं नाही हे आधीच सांगितलं. त्यांनी बीकर उजेडात धरला, मग नाकाशी नेला आणि डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले.

"इसमें तो फूल की ही महक है," ते म्हणाले. मग विचारलं, "जमा हुआ वाला ही था ना?"

मी म्हटलं, तोच होता.