काकांचं कार्ड छापखान्यात जाईपर्यंत

माझे काका हार्मोनियम दुरुस्त करतात. भजनी मंडळं, संगीत वर्ग, कीर्तनकार ही त्यांची गिऱ्हाइकं. त्यांचं व्हिजिटिंग कार्ड मी तयार केलं. छपाईच्या फाइलबद्दल इंग्रजी कार्डांसाठीच्या सूचना भरपूर मिळतात, पण मराठी अक्षरांचं काय करायचं हे सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितेय.

सुरुवात मी कागदापासून केली आणि ते फार बरं झालं. पेटी परत देताना काका कार्डाच्या पाठीवर लिहून देतात: कुठला सूर बदलला, भाता केव्हा चिकटवला, पुन्हा कधी दाखवायची. मॅट लॅमिनेशनवर बॉलपेन नीट उमटत नाही. एकाच बाजूला लॅमिनेशन केलं तर कार्ड वाकतं. म्हणून दोन्ही बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवायच्या, ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) अनकोटेड, म्हणजे वर चकचकीत थर नसलेला कागद घ्यायचा, असं ठरलं.

पुढचं सगळं त्या एका निर्णयावरून ठरत गेलं. अनकोटेड कागद शाई पितो, शाईचा ठिपका पसरतो. इंग्रजीत बारीक टाइप त्यातून निभावून जातो. देवनागरीत मात्र थ, ध, भ यांच्या गाठी बुजतात आणि वर रफार, मात्रा, अनुस्वार एकमेकांना चिकटतात. ‘हार्मोनियम’ लिहून पाहा. ‘मो’च्या डोक्यावर काना-मात्रेची मात्रा आणि रफार एकाच जागी बसतात. सात पॉइंटात ती जागा पडद्यावर ठीक दिसते, कागदावर तिथे नुसता काळा ठिपका उरतो. मी पत्ता साडेआठ पॉइंटात घेतला, वजन मीडियम, आणि ओळींमधलं अंतर इंग्रजी बाजूपेक्षा सैल ठेवलं. साध्या प्रिंटरवर शंभर टक्के मापात प्रिंट काढून हातभर अंतरावरून वाचलं. पडद्यावर मोठं करून बघण्यापेक्षा हीच परीक्षा खरी.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श मी ग्लिफच्या पॅनेलमधून, म्हणजे फॉन्टातली सगळी अक्षररूपं दाखवणाऱ्या यादीतून, निवडून बसवले. मराठी वर्णमालेच्या २००९च्या शासन निर्णयातही हीच रूपं आहेत. कित्येक फॉन्टांत ती आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी ठरवल्याशिवाय किंवा हाताने निवडल्याशिवाय समोर येत नाहीत. काका चाळीस वर्षं जसा ल लिहितात तसाच त्यांच्या कार्डावर हवा होता.

माप साधं आहे. आपल्याकडे कार्ड साडेतीन बाय दोन इंचाचं, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिलिमीटर. खालचा तपकिरी पट्टा कडेपर्यंत जाणार होता, म्हणून चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापून टाकायची जादा कड, सोडलं आणि फाइल ९५ बाय ५७ची झाली. कटिंगच्या वेळी गठ्ठा केसभर सरकतोच, तेव्हा मजकूर कडेपासून ४ मिलिमीटर आत. चारी बाजूंनी चौकट मात्र काढू नये, असं माझं ठाम मत आहे. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी ती एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक दिसते.

रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या अशा चार शायांत. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १०० आणि बाकी तिन्ही शून्य. चार रंगांतून बनवलेल्या तपकिरी अक्षरांची एक प्लेट जराशी हलली की कडेला रंगाची छटा दिसते. म्हणून तपकिरी रंग फक्त पट्ट्यापुरता ठेवला. एक हजार कार्डं गँगमध्ये, म्हणजे इतरांच्या कामांबरोबर एकाच शीटवर छापली जाणार होती. तिथे शाई सगळ्या शीटचा विचार करून सोडतात, त्यामुळे रंगात थोडा फरक येतो हे काकांना आधीच सांगून ठेवलं.

अक्षरांचा खरा कस फाइल देताना लागतो. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर ही भारतीय लिप्या जुळवणारी सोय लावली की जोडाक्षरं नीट जुळतात, पण ती तुमच्या संगणकावर. मी मुद्दाम दोन फाइली नेल्या: एक चालू मजकुराची, एक आउटलाइन केलेली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकलेली. छापखान्यातल्या डीटीपीवाल्या ताईंना विनंती करून पहिली उघडायला लावली. त्यांच्या जुन्या कोरल या सॉफ्टवेअरमध्ये ‘पेटी वाजवणाऱ्यांच्या सेवेत’ या ओळीतला ऱ्या सुटा पडला होता आणि ‘हार्मोनियम’मधली वेलांटी अक्षराच्या पलीकडे गेली होती. ताई म्हणाल्या, “मराठी मजकूर असला की कर्व्ह केल्याशिवाय आम्ही घेतच नाही.” कर्व्ह म्हणजे आउटलाइनच. ती फाइल जशीच्या तशी उघडली.

आउटलाइन केल्यावर प्रत्येक अक्षराची शिरोरेघ वेगळा तुकडा होते. मोठं करून पाहिलं तर सांध्यात केसासारखी फट दिसते. इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमधून शब्दाचे तुकडे युनाइट केले, म्हणजे एकसंध जोडले, आणि रेघ सलग झाली. त्याआधी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवलीच पाहिजे, कारण आउटलाइनमध्ये पुढे एक कानाही बदलता येत नाही.

मागच्या बाजूला इंग्रजी नाव, पत्ता आणि क्यूआर कोड. कोडमध्ये फक्त नाव आणि नंबर भरला. मजकूर वाढला की चौकटी बारीक होतात आणि या कागदावर त्या बुजल्या असत्या. माप दोन सेंटिमीटर, काळ्यावर पांढरा नव्हे तर पांढऱ्यावर काळा, आणि भोवती चार चौकटींइतकी कोरी जागा. उरलेली अर्धी बाजू काकांच्या पेनासाठी मोकळी.

आकड्यांवरून घरात थोडी चर्चा झाली. पुढे नंबर मराठी आकड्यांत, मागे इंग्रजी, असं ठरलं. बारीक टाइपात १ आणि ९ यांत घोळ होऊ शकतो, म्हणून पुढचा नंबर पत्त्यापेक्षा दीड पॉइंट मोठा घेतला. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, त्याच कागदावर मागितलं. काकांनी चष्मा लावला, प्रूफवरचा नंबर पाहून काकूच्या मोबाइलवरून एकेक आकडा दाबला आणि स्वतःच्या खिशातला फोन वाजल्यावर सही केली. क्यूआर मी दोन फोनांवर तपासला.

गठ्ठे आले तेव्हा वरचं, मधलं आणि तळाचं कार्ड काढून कटिंग पाहिलं, मग पाठीवर बॉलपेनने लिहून बोट फिरवलं. शाई पसरली नाही. मूळ फाइल, आउटलाइनची पीडीएफ आणि कागदाच्या नावाची चिठ्ठी एकाच फोल्डरमध्ये ठेवली आहे, कारण काकांना पुढच्या छपाईत तंबोऱ्याच्या तारा बसवण्याचं कामही लिहायचंय.