ओरांज ते ल पेर्त्यूस: ए-९ ने फ्रान्समधून स्पेनकडे

ल्योंहून ए-७ ने खाली आलं की ओरांजजवळ रस्ता फुटतो. मार्सेय, नीसला जाणारे ए-७ वरच राहतात. नीम, मॉंपेलिये, बार्सेलोना लिहिलेली पाटी ती आपली. इथून स्पेनची हद्द साधारण २८० किमी. रस्ता मोकळा असेल तर अडीच-तीन तास. जुलै-ऑगस्टच्या शनिवारी मात्र हा हिशोब विसरायचा. फ्रान्सचं सरकारी ‘बिझों फ्यूते’ कॅलेंडर गर्दीचे दिवस रंगांनी दाखवतं. लाल किंवा काळा दिवस असेल तर प्रवास मंगळवार-बुधवारवर ढकला.

भारतीय लायसन्सवर गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा. तो एक वर्ष चालतो, पण मूळ लायसन्सही जवळ हवं. कार्डाचा परदेशातला वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधीच सुरू करा. हे राहून गेलं की नेमकं टोलनाक्यावर कळतं, आणि मागे रांग लागलेली असते.

टोल तिकिटावर चालतो: शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना भरायचं. तिकीट हरवलं तर सर्वात लांबच्या नाक्यापासून आलात असं धरून पैसे घेतात, म्हणून ते काचेपुढे न टाकता खिशात ठेवा. हिरव्या बाणाची लेन सगळ्यांसाठी, कार्डाचं चित्र असलेली फक्त कार्डवाल्यांसाठी. नुसतं केशरी ‘टी’ असलेली लेन म्हणजे तिथला फास्टॅग. चुकून त्यात शिरलात तर गाडी रिव्हर्स घेऊ नका, मदतीचं बटण दाबा. यंत्र डावीकडे असतं. ब्रिटनहून स्वतःची उजव्या स्टिअरिंगची गाडी आणणाऱ्या मराठी मंडळींनी डावीकडच्या सीटवर हात पोचणारं माणूस बसवावं. गाडी दोन मीटरपेक्षा उंच असली की वर्ग २ चा जास्त टोल लागतो. गाडी स्वतः कमी उंचीची असून केवळ टपावरच्या पेटीमुळे यंत्राने वर्ग २ दाखवला, तर पैसे भरण्याआधीच बटण दाबून सांगा.

वाटेत थांबायचं तर २३ नंबरची एक्झिट, रेमूलां. तिथून जवळच पों द्यू गार हा रोमन जलसेतू आहे, जवळजवळ ४९ मीटर उंच. नीम शहराला पाणी नेण्यासाठी बांधलेला हा सेतू बघायला दोन तास खुशाल द्यावेत.

मॉंपेलियेला सर्वाधिक लोक चुकतात. २०१७ पासून इथे दोन समांतर रस्ते आहेत: लांब जाणाऱ्यांचा ए-९ आणि शहराचा बिनटोलचा ए-७०९. स्पेनला जायचं असेल तर ए-९ सोडू नका. ए-७०९ वर गेलात की आधीचा टोल भरून शहराच्या रहदारीत शिरता आणि पलीकडे पुन्हा तिकीट घ्यावं लागतं. जुन्या नकाशाचं जीपीएस इथे हमखास गोंधळतं, तेव्हा पाट्यांवर विश्वास ठेवा.

नारबॉनला तुलूझचा ए-६१ येऊन मिळतो, आणि तिथून पेर्पिन्यांपर्यंत वाऱ्याचा पट्टा. ट्रामोंतान हा वायव्येचा वारा सिजां, ल्यूकात, फितूच्या खाऱ्या तळ्यांवरून आडवा येतो. रस्त्याकडेला वाऱ्याची कापडी नळी दिसते. ती आडवी ताठ उभी असेल तर दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि वेग कमी. ट्रकला ओव्हरटेक करताना त्याच्या आडोशाला गाडी शांत चालते, पुढे निघताक्षणी झोत बसतो आणि गाडी बाजूला सरकते. कॅरव्हॅन किंवा टपावर पेटी असेल तर अशा दिवशी सरळ थांबावं. वेगमर्यादा कोरड्यात १३०, पावसात ११०. रेडिओ १०७.७ वर रस्त्याची खबर मिळते, फ्रेंच कळत नसलं तरी गावांची नावं पकडता येतात.

गाडी बंद पडली तर पिवळं जाकीट घालून सगळ्यांनी कठड्यापलीकडे जायचं आणि केशरी एसओएस खांबावरून फोन करायचा. हे खांब साधारण दर दोन किमीवर आहेत. ओळखीचा मेकॅनिक बोलावता येत नाही, नेमलेलाच येतो.

पंपावर सांभाळा: फ्रान्समध्ये ‘गाझोल’ म्हणजे डिझेल, गॅसोलीन नव्हे. स्पेनमध्ये ‘गासोलेओ’ डिझेल आणि ‘गासोलिना’ पेट्रोल. नोझलवर ई-१० किंवा ई-५ असेल तर पेट्रोल, बी-७ असेल तर डिझेल, एवढं पाहिलं की झालं. महामार्गावरचं इंधन महाग पडतं. टाकी हद्दीपलीकडे ला जोंकेराला भरा, नाहीतर एखाद्या गावातल्या सुपरमार्केटच्या पंपावर.

ल बूलूच्या नाक्यावर फ्रान्सचा हिशोब संपतो. ४३ नंबरची ल बूलू ही स्पेनआधीची शेवटची एक्झिट. चढ चढून ल पेर्त्यूस ओलांडलं की हाच रस्ता एपी-७ होतो. १ सप्टेंबर २०२१ पासून बार्सेलोनापर्यंत आणि पुढे तारागोनापर्यंत त्याच्यावर टोल नाही, आणि मर्यादा १२०. ल पेर्त्यूस गावातून जाणारा जुना रस्ता फुकट आहे, पण सुट्टीच्या दिवशी खरेदीवाल्यांनी तुंबलेला असतो. शेंगेनच्या आत असूनही फ्रान्समध्ये परत शिरताना पोलीस गाड्या तपासतात, म्हणून पासपोर्ट आणि व्हिसा डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी ठेवा.